कॉमन रेल इंजिन बसविताना तारजोडणी व नियंत्रक

जुन्या डिझेल इंजिनात तेल सोडण्याचे काम यांत्रिक पंप करतो. विजेची गरज मुख्यतः स्टार्टरपुरतीच असते. कॉमन रेल इंजिनाचे तसे नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस प्रदूषणाचे कडक मानक लागू झाले व ही इंजिने खेड्यांतून अधिक दिसू लागली. यात इंजेक्टर केव्हा व किती वेळ उघडावयाचा हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. क्रँकशाफ्टची स्थिती कळविणारी तार तुटली, तर टाकी भरलेली असूनही इंजिन बहुधा सुरू होत नाही.

म्हणून असे वापरलेले इंजिन घेताना त्याचाच नियंत्रक, अखंड वायरिंग, सेन्सर व ॲक्सिलरेटर एकत्रच घ्यावेत. पुष्कळ इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरचा संकेतांक नियंत्रकात नोंदलेला असतो. दिसावयास सारखा असलेला दुसरा नियंत्रक चालेलच असे नाही. कापलेल्या तारा स्वस्त मिळतात खऱ्या, परंतु त्या जुळविण्यातच हंगाम निघून जातो. परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी.

अर्थिंगची तार रंग खरवडलेल्या जागी घट्ट आवळावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरी व नियंत्रक दोन्ही सोडवावेत. चालू इंजिनाची इंजेक्टर-नळी सैल करून पाहण्याची जुनी सवय येथे मुळीच नको. रेलमधील दाब १,००० बारहून अधिक असतो व तेलाची बारीक धार कातडीत शिरते. तसे झाल्यास, जखम किरकोळ दिसली तरी, रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.