एक मशाल परतीची

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आला तो एक जाडजूड पुस्तक आणि चित्रविचित्र फासे घेऊन. फराळाच्या बशा उचलायच्या आत मुलांनी टेबलाचा ताबा घेतला.

‘‘हे काय रे? सापशिडी?’’

‘‘नाही मावशी, गोष्टीचा खेळ. गोष्ट मी सांगणार, हे सगळे त्यातली पात्रं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. भुयारात शिरायचं आणि खजिना घेऊन जिवंत परत यायचं.’’

१९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हापासून असे खेळ चालत आलेत म्हणे. भाच्याजवळचा खेळ होता ‘शॅडोडार्क’, २०२३ सालचा, केल्सी डिऑन यांनी लिहिलेला. बाईनं लिहिलाय म्हटल्यावर मीही खुर्ची ओढून बसले!

या खेळात राक्षसांपेक्षा जास्त भीती अंधाराची. राक्षसांना अंधारात दिसतं, आपल्या माणसांना दिसत नाही. उजेड नसेल तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि लहान दान धरायचं. मशाल जळते एकच तास, आणि तोही घड्याळातला खराखुरा तास! भाच्यानं मोबाइलवर गजरच लावला. कंदिलाचा उजेड मशालीच्या दुप्पट लांब जातो, पण त्याला तेल लागतं. जादूगाराकडे उजेडाचा मंत्र असतो. पण तो फसला, तर विश्रांती घेईपर्यंत पुन्हा म्हणता येत नाही. पाठीवर ओझं किती घ्यायचं तेही ठरलेलं. मशाल जास्त घेतली की दुसरं काहीतरी घरी ठेवायचं. आणि एका हातात मशाल, दुसऱ्यात तलवार, मग ढाल कुठे धरणार? म्हणून ती धरायला कुणीच तयार होईना. शेवटी माझी लेक म्हणाली, ‘‘आण इकडे, मी धरते.’’

लेक यंदा बारावीला. पुढे पुण्याला शिकायचं म्हणते. यांचं मत ‘इथलं कॉलेज काय वाईट आहे?’ आणि खरं सांगू? मलाही धीर होत नव्हता.

दोन तासांनी खजिन्याचं दार समोर आलं. मुलं ओरडली, ‘‘चला आत!’’ लेक म्हणाली, ‘‘ही मशाल विझत आलीय. पिशवीत एकच उरलीय, ती परतीची. मी मागे फिरतेय. ज्याला आत जायचंय त्यानं अंधारात जा.’’ केवढा गलका झाला! पण तिनं ऐकलं नाही. कुरकुरत का होईना, सगळे तिच्यामागून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी जास्त मशाली घेऊन गेले आणि पेटी घेऊन आले.

रात्री मला आमच्या महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात आलेली एक बाई आठवली. सासरी मार खात तिनं सहा वर्षं काढली. ‘आधी का नाही आलीस?’ विचारलं तर म्हणाली, ‘‘ताई, एसटीला पैसे नव्हते. आणि माहेरी म्हणाले, आता तेच तुझं घर.’’ तिला आत पाठवताना परतीची मशाल कुणी दिलीच नव्हती.

अंथरुणं घालताना लेकीला म्हटलं, ‘‘जूनमध्ये जा तू पुण्याला. बाबांशी मी बोलते. आणि नाही जमलं तर परत ये.’’

ती हसली. ‘‘आई, एवढं बोललीस ना, आता जमेल.’’

मैत्रिणींनो, मुलगी शिकायला जावो की सासरी, आपण डबे भरून देतो, अंगारा पुडीत बांधून देतो. त्याबरोबर परतीच्या तिकिटाचे पैसेही वेगळे बांधून द्या. आणि ते खर्चून कधी ती दारात उभी राहिलीच, तर ‘का आलीस?’ असं विचारण्याआधी ‘जेवलीस का?’ असं विचारा.