आळशी यादी

परभणी-परळी लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह नावाचे स्थानक आहे. समजा, या पोखर्णी गावातल्या एका घरी रात्री पाहुणे जेवायला बसले आहेत. किती भाकरी लागतील, हे कुणालाच ठाऊक नाही. आधीच पन्नास भाकरी करून ठेवल्या, तर जेवण उशिरा सुरू होईल आणि उरलेल्या भाकरी सकाळपर्यंत वाळून जातील. म्हणून अम्मी काय करते? पाहुण्याने मागितली की एक भाकरी थापते, तव्यावर टाकते आणि गरम गरम वाढते. परातीत पीठ आहे, चूल पेटलेली आहे. पण न मागितलेली भाकरी अजून झालेलीच नाही.

मित्रांनो, संगणकालाही अशा रीतीने यादी करायला सांगता येते. तिला 'आळशी यादी' म्हणतात. उर्दूत आपण ज्याला काहिल म्हणतो, तोच हा आळशी! पण हा आळस शहाणपणाचा आहे बरे का.

एक उदाहरण पाहू. नाशिकजवळ देवळाली येथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) नावाचे शिक्षक होते. संख्यांशी खेळणे हा त्यांचा छंद. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, त्या संख्येला त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. १८ घ्या. १ आणि ८ यांची बेरीज ९. १८ ला ९ ने पूर्ण भाग जातो, म्हणून १८ ही हर्षद संख्या. १९ मात्र नव्हे. तिच्या अंकांची बेरीज १० येते.

हर्षद संख्यांना शेवट नाही. 'सगळ्या हर्षद संख्यांची यादी कर आणि मग पहिल्या वीस दाखव,' असे संगणकाला सांगितले, तर तो यादीच करीत बसेल. वीस संख्या कधीच दिसणार नाहीत. यादी आळशी असेल, तर तो एकेक संख्या तपासतो, विसावी हर्षद संख्या ४२ सापडली की थांबतो. ४३ ला तो हातही लावीत नाही.

पायथॉन या संगणक-भाषेत यासाठी 'यील्ड' हा शब्द आहे. तो आला की संगणक एक संख्या आपल्या हाती देतो आणि तिथेच थांबतो. आपण कुठवर आलो, हे तो लक्षात ठेवतो. पुढची संख्या मागितली की काम तिथूनच सुरू होते. जागाही वाचते. पायथॉनमध्ये एक कोटी निरनिराळ्या संख्यांची साधी यादी केली, तर स्मृतीत तीनशे मेगाबाइटहून अधिक जागा लागते. आळशी यादीला एका वेळी एकाच संख्येपुरती जागा पुरते.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९७६ साली पीटर हेंडरसन आणि जेम्स मॉरिस यांनी, तसेच डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी तिच्यावर निबंध लिहिले. १९९० साली आलेल्या हॅस्केल या भाषेत तर सगळ्याच याद्या आळशी असतात. पायथॉनमध्ये 'यील्ड' २००१ साली आला.

आता तुम्ही म्हणाल, मग नेहमी आळशी यादीच का करू नये? पायथॉनची आळशी यादी एकदाच वाचता येते. खाल्लेली भाकरी जशी टोपलीत परत येत नाही, तशी दिलेली संख्या परत मिळत नाही. यादी पुन्हा नव्याने सुरू करावी लागते. शिवाय, शेवट नसलेल्या यादीची बेरीज मागू नका. तिथे आळशी संगणकही मुकाट्याने काम करीत राहतो आणि उत्तर काही येत नाही.