भिंतीवरचं नाव आणि पोलीस ठाण्यातला कागद

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करताना एकीने विचारलं, "पोरानं शाळेच्या भिंतीवर रंगानं नाव लिहिलं, तर त्याला जेल होते का हो ताई?" हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही. पोलिसांचा निरोप आला की आईच आधी धावते, आणि घाबरून समोर येईल त्या कागदावर अंगठा उठवते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचं कलम ३२४ मालमत्तेच्या नुकसानीचं आहे. साध्या नुकसानीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. नुकसान २० हजारांपासून लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, लाख किंवा त्यावर गेलं तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून पंचनाम्यात रक्कम किती लिहिली आणि कशाच्या आधारावर, हे आधी बघा. चुन्याच्या एका हाताने झाकणाऱ्या रेघोट्यांना २५ हजार लिहिले असतील, तर वकिलाने तिथेच बोट ठेवायला हवं.

भिंती विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्राचा १९९५ चा वेगळा कायदा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (आपल्या गटाच्या मेळाव्याची पत्रकं चिकटवतानाही परवानगी लागते बरं का!) रायगड, शिवनेरीसारख्या केंद्र संरक्षित गडावर नाव कोरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही. मला विचाराल तर हे योग्यच आहे.

सगळ्यात जड प्रकरण एसटीवर दगड मारण्याचं. सार्वजनिक मालमत्तेच्या १९८४ च्या कायद्यात त्याला सहा महिने ते पाच वर्षं सक्तमजुरी आणि वर दंड आहे. अटकेत असेल, तर सरकारी पक्षाला बोलण्याची संधी दिल्याशिवाय जामीन होत नाही. मोर्च्यात मागे उभ्या असलेल्या पोरांचीही नावं अशा वेळी गोवली जातात. तो तिथे होता, एवढ्याने गुन्हा शाबित होत नाही. त्या वेळी तो दुसरीकडे असेल, तर साक्षीदार, तिकीट, कामाची हजेरी लगेच जमवून ठेवा.

बचावाचा मुख्य मुद्दा हेतूचा. नुकसान करायचं होतं, किंवा ते होणार हे ठाऊक होतं, हे सरकारी पक्षाने सिद्ध करायचं असतं. खेळताना चेंडूने काच फुटली तर भरपाई मागतील, पण तेवढ्याने तो गुन्हेगार होत नाही. मालकाची परवानगी असेल तर ती लेखी हवी. भावाभावांच्या सामाईक भिंतीवर मात्र "घर माझंही आहे" हे उत्तर चालत नाही. नुकसान फक्त खासगी माणसाचं असेल, तर बऱ्याचदा समेट होऊ शकतो. तो कोर्टासमोर नोंदवून घ्या.

मुलगा १८ वर्षांच्या आतला असेल तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मंडळ त्याला समज देऊन सोडू शकतं, समाजसेवेचं कामही लावू शकतं. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला सोबत न्या.

कोऱ्या कागदावर सही करू नका, लिहिलेलं वाचून घ्या, प्रत मागा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडून बसू नका. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, नाहीतर १५१०० वर फोन लावायचा.