पैनगंगेकाठचे महागाव

महाराष्ट्रात महागाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. मी लिहितो आहे ते यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावाविषयी. नावात ‘महा’ असले तरी गाव लहानच. तहसील कचेरी, पंचायत समिती, बी-बियाण्यांची आणि फवारणीच्या औषधांची दुकाने, आठवड्याचा बाजार आणि नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग, एवढा त्याचा पसारा. मोटारीतल्या प्रवाशाने गाव पाहिले न पाहिले तोच ते मागे पडते. असे असूनही, वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे काय झाले हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने चार दिवस येथे मुक्काम करावा, असे मी म्हणेन. या एका तालुक्यात ती सारी हकीकत सापडते.

वाचकांनी क्षणभर नकाशा समोर घ्यावा. बुलढाणा जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या डोंगरात पैनगंगा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन शेवटी वर्धेला मिळते. वाटेत बराच लांबवर तिने यवतमाळ आणि नांदेड हे जिल्हे वेगळे केले आहेत. पुसदकडून येणारी पूस नदी तिला महागाव तालुक्यातच, हिवरा संगम येथे भेटते. नद्यांच्या काठाला काळी, कसदार जमीन. तेथून वर डोंगराकडे चढावे, तसतशी माती पातळ होत जाते आणि खालचा मुरूम दिसू लागतो. काळ्या जमिनीत गावे वसली. मुरमाड उतारांवर बंजाऱ्यांचे तांडे आणि आंध आदिवासींच्या वस्त्या राहिल्या. कोण कोठे राहतो यावरून त्याच्या घरात काय शिजत असेल, याचा अंदाज येथे पुष्कळदा बांधता येतो.

सरहद्दीवरची वस्ती

अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यात माहूर हे एक सरकार होते, आणि रेणुकेचे ते माहूर येथून जवळच आहे. धनोड्याजवळ पैनगंगेचा पूल ओलांडला की माहूरची वाट लागते. त्या काळी नदीचे दोन्ही काठ एकाच मुलखातले होते. पुढे १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि पैनगंगा दोन राज्यांची सरहद्द झाली. अलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया आणि मराठीत चालणारी कचेरी. पलीकडे हाली शिक्का, उर्दू दफ्तर आणि माल नेणाऱ्यावर करोडगिरीची जकात. लेकी-सुना मात्र दोन्ही काठांवर दिल्या-घेतल्या जात होत्याच.

हा सारा भाग तेव्हा पुसद तालुक्यात मोडत असे, आणि पुसद होते वाशीम जिल्ह्यात. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला व पुसद यवतमाळला जोडले गेले. हैदराबादचा मुक्तिसंग्राम पेटला तेव्हा निजामी हद्दीतले कार्यकर्ते वऱ्हाडात येऊन तळ टाकून राहिले. शेजारच्या उमरखेडला असा एक तळ होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५६ साली दोन्ही काठ एकाच मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. एका शतकाहून अधिक काळ सरहद्द झालेली नदी पुन्हा नुसती नदी झाली. पण सरहद्दीवरच्या गावाला जी सवय लागते ती सहजी सुटत नाही. मोठी पेठ दुसरीकडे, मोठे दवाखाने दुसरीकडे, निर्णय करणारी माणसेही दुसरीकडे, हेच येथे चालत आले.

कापूस येथला, नाव दुसऱ्याचे

अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. मुंबईहून नागपूरला जाणारी आगगाडी १८६७ मध्ये सुरू झाली, ती अकोला-बडनेऱ्यावरून. यवतमाळला पुढे मूर्तिजापूरहून छोटी गाडी आली. महागावच्या वाट्याला रूळ आले नाहीत; येथला कापूस बैलगाडीनेच जात राहिला. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ म्हणत, उमरावतीवरून. म्हणजे पिकवायचे आपण आणि नाव व्हायचे अमरावतीचे!

रेल्वेने आणखी एक घडवले. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा तिने बसवला. लमाणांचे तांडे डोंगरउतारांवर स्थिरावले आणि हलकी जमीन कसू लागले. आजही दसरा-दिवाळी झाली की या तांड्यांतली अनेक बिऱ्हाडे ऊसतोडीला परमुलखात जातात. फिरणे सुटले नाही, फक्त त्याचे कारण बदलले.

कापसाचा साधा हिशेब सांगतो. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईचे सूत होते, सुताचे कापड. सरकीचे तेल निघते आणि ढेप उरते. पायरीपायरीने किंमत वाढत जाते, आणि शेतकऱ्याचा हात पहिल्या पायरीवरच सुटतो. १९७२ पासून सरकारने एकाधिकार खरेदी करून पाहिली. २००२ साली बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. बोंडअळी हटली असे वाटले, पण गुलाबी बोंडअळी परतली. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले.

दोन तारखा

शेजारच्या पुसद तालुक्यात गहुली हे खेडे आहे. १ जुलै १९१३ रोजी तेथे वसंतराव नाईक जन्मले. १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक ते मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारी त्यांनी बांधाबांधावर नेली आणि कृषिविद्यापीठे उभी केली. त्यांचा जन्मदिवस कृषिदिन म्हणून पाळला जातो. त्याच गहुलीचे सुधाकरराव नाईकही १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले.

दुसरी तारीख १९ मार्च. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९८६ साली त्या दिवशी पत्नी आणि चार मुलांसह मृत्यू जवळ केला. हा माणूस गावाचा सरपंच राहिलेला, भजनात रमणारा. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. २०१७ पासून १९ मार्चला किसानपुत्र आंदोलनाचे अमर हबीब आणि त्यांचे सहकारी उपवास करतात, आणि त्यांच्यासोबत ठिकठिकाणची माणसे एक दिवस अन्न घेत नाहीत.

कृषिदिनाचे गाव आणि हे गाव एकाच मुलखातली. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्यावाचून वऱ्हाडच्या शेतीवर कोणी बोलू नये, असे मला वाटते. पीक वाढवण्याचे शास्त्र गहुलीच्या सुपुत्राने आणले, ते खरे आणि मोठे काम. पिकाचा मोबदला घरात टिकवण्याचे शास्त्र मात्र चिलगव्हाणपर्यंत पोचले नाही.

पाणी, हळद आणि रूळ

पाण्याने थोडे पालटले. पूस नदीवर १९७१ साली पुसदच्या वर धरण झाले आणि १९८३ साली महागावजवळ दुसरे, निम्न पूस. ओलिताखाली ऊस आला. गुंजला साखर कारखाना उभा राहिला तो सहकारी म्हणून; आता तो खासगी कंपनीच्या हाती आहे. कोरडवाहू रानात ज्वारी हटली आणि सोयाबीन बसले. पैसा लवकर हाती येतो, पण कडबा गेला आणि कडब्यामागून गोठ्यातली जनावरे कमी झाली.

ओलिताच्या शेतात हळदही होते. नऊ महिने राखायचे, खणायचे, शिजवायचे, वाळवायचे, घासून चकाकी आणायची. एवढे करून पोती जातात नदीपलीकडे, हिंगोलीच्या पेठेत. तरीही मला या पिकात आशा दिसते. शिजवणे-वाळवणे बांधावरच होते, म्हणून किमतीचा एक हिस्सा गावात राहतो. कापसाने जे दिले नाही ते हळदीने थोडेसे दिले. सरकी पेलणारी घाणी, रुई काढणारी जिनिंग, हळद दळणारी गिरणी अशी कामे तालुक्यात वाढली, तर ऊसतोडीला जाणाऱ्या बिऱ्हाडांतली काही तरी घरी राहतील.

वर्धा-नांदेड रेल्वेचे काम चालू आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत पहिली गाडी धावली. पुढचा मार्ग पुसद-उमरखेडकडून आखलेला आहे. महागाव गावाला तो शेजारूनच जाणार. रूळ आले म्हणजे माल अधिक लवकर बाहेर जाईल, यात शंका नाही. तो कच्चा जाणार की पक्का होऊन, हे मात्र रूळ ठरवत नाहीत.