आजीबाईंचा बाक

अंगात ताप भरला तर आपण दवाखाना गाठतो. पण मनाला घोर लागला तर?

आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांची ही हकिकत. २००५ साली त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्या एका तरुणीने जीव दिला. दवाखान्यात यायला बसभाड्याचे १५ डॉलर घरात नव्हते! डॉक्टरांना चैन पडेना. रोगी येऊ शकत नसेल, तर उपचारच त्याच्या दारी न्यायला हवा. पण देशात असे डॉक्टर मोजकेच.

मग २००६ साली हरारे शहरातील म्बारे वस्तीत त्यांनी १४ आज्यांना हाताशी धरले, शिकवून तयार केले. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक. त्यावर आजी बसते आणि आधी ऐकून घेते. उपदेश नाही. दहा अडचणींतून एक निवडायची, तिच्यावर काय करता येईल ते दुखणाऱ्यानेच ठरवायचे आणि पुढच्या भेटीत सांगायचे.

२०१६ साली ५७३ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांत शेकडा १४ जणांना उदासीनतेचा त्रास उरला होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत शेकडा ५० जणांना.

आपल्याकडे ओटा आहे, पार आहे, आजीही आहे. कर्जापायी, नापिकीपायी घरचा कोणी अबोल झाला, जेवण तुटले, तर जवळ बसा, ऐकून घ्या. मरणाची भाषा करीत असेल तर एकटे सोडू नका. डॉक्टरकडे न्या, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फोन करा.