ढोलाचा ठोका आणि संगणकाची कळ

होळी पौर्णिमेच्या रात्रीं सातपुड्यांतील काठी गांवीं कोणी झोपत नाहीं. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांतील हें गांव राजवाडी होळीसाठीं प्रसिद्ध आहे. डोंगरापलीकडच्या पाड्यांतून माणसें ढोल घेऊन येतात. कमरेला घुंगरें व वाळलेले भोपळे आणि डोक्यावर मोरपिसांचे टोप, अशा वेषांतले नाचणारे येतात. रात्रभर नाच चालतो आणि पहाटेस होळी पेटते. वाटेनें येणाऱ्यास अंधारांत माणसें दिसण्यापूर्वींच ढोल ऐकूं येतो. प्रथम येतो तो नुसता घुमारा. उंच स्वरांचे ध्वनि हवेंत आणि झाडींत लवकर विरतात. खर्जाचे ध्वनि दूरवर टिकतात. जवळ जावें तसतसा काठीच्या आघाताचा कोरडा कडाका त्यांत मिसळत जातो.

याच जिल्ह्यांत लग्नसराईच्या दिवसांत दुसरेंही दृश्य दिसतें. टेंपोवर कर्णे चढविलेले, मध्यें कीबोर्ड, आणि त्यावर ‘टिमली’च्या ठेक्याचीं गाणीं. तीं गाणीं घरच्या संगणकावर तयार करणारे तरुण आतां गांवोगांवीं आहेत. त्यांच्या हाताशीं जें वाद्य असतें, त्याला लाकूड नाहीं, कातडें नाहीं, तार नाहीं. तो केवळ हिशेब करणारा एक कार्यक्रम असतो. त्यास सॉफ्टवेअर सिंथेसायझर असें नांव आहे. पडद्यावर त्याचीं चित्रें उघडलीं कीं पन्नास-साठ कळा दिसतात आणि नवखा मनुष्य गोंधळतो. तो तयार नमुन्यांच्या यादींतून एखादा ‘ढोल’ निवडतो आणि पुढें जातो. परंतु त्या कळांपैकीं बहुतेकांचा अर्थ दोनच कल्पनांत सांठविलेला आहे. एक एन्व्हलप, दुसरी मॉड्युलेशन. या दोन्हींचा उलगडा झाला तर यंत्र वश होतें, आणि त्याहून मोठा लाभ म्हणजे ढोल ऐकण्याचा कान तयार होतो.

आरंभ एका साध्या प्रश्नापासून करावा. दोन वाद्यांतून एकाच उंचीचा स्वर काढला तरी डोळे मिटून बसलेला मनुष्य त्यांना ओळखतो, तें कशावरून? पाठ्यपुस्तकाचें उत्तर असें कीं, प्रत्येक वाद्याच्या मूळ स्वराबरोबर जे उपस्वर निघतात त्यांचें प्रमाण निराळें असतें. हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. १९४८ सालीं पॅरिसच्या नभोवाणींत पिएर शेफर यानें घंटेच्या ध्वनिमुद्रणांतून टोल्याचा आरंभ तेवढा वगळून पाहिला. उरलेला ध्वनि घंटेचाच होता, पण कानास घंटा वाटेना. फुंकून वाजविण्याच्या वाद्याचा भास होऊं लागला. म्हणजे वाद्याची ओळख केवळ स्वर कशाचा बनला आहे यांत नसून, तो कसा जन्मला, कसा टिकला आणि कसा मावळला यांतही आहे.

स्वराच्या या आयुष्याचा जो आलेख, त्यालाच एन्व्हलप म्हणतात. सिंथेसायझरमध्यें तो चार कळांनीं रेखाटला जातो. पट्टी दाबल्यापासून ध्वनि शून्यावरून पूर्ण जोरास पोंचण्यास जो वेळ लागतो तो ‘अटॅक’, म्हणजे चढ. तेथून खालच्या पातळीवर उतरण्यास लागणारा वेळ ‘डिके’, म्हणजे उतार. बोट पट्टीवर असेपर्यंत ध्वनि ज्या पातळीवर थांबून राहतो तो ‘सस्टेन’, म्हणजे टिकाव. आणि बोट उचलल्यावर ध्वनि नाहींसा होण्यास लागणारा वेळ ‘रिलीज’, म्हणजे लोप.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेविली पाहिजे, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेंच होतो. चारांपैकीं तीन कळा वेळ मोजतात. टिकावाची कळ मात्र वेळ मोजीत नाहीं. ती पातळी सांगते. टिकाव किती काळ राहील हें कळ ठरवीत नाहीं, वाजविणाराचें बोट ठरवितें. ‘सस्टेन वाढविला म्हणजे स्वर लांबेल’ अशी समजूत करून घेणाऱ्याचा स्वर लांबत नाहीं, केवळ मोठा होतो.

आतां या चार कळा नंदुरबारच्या दोन वाद्यांना लावून पाहाव्यात. पहिलें वाद्य ढोल. काठी कातड्यावर पडते त्याच क्षणीं ध्वनि शिखरास पोंचतो. चढ एक-दोन मिलिसेकंदांहून अधिक नसावा. लगेच उतार सुरू होतो आणि सुमारें अर्ध्या सेकंदांत घुमारा विरूं लागतो. ढोलाला टिकाव नाहीं, कारण आघातानंतर त्याला नवी शक्ति कोणी देत नाहीं. म्हणून टिकावाची कळ शून्यावर. ती अर्ध्यावर राहिली तर बोट दाबलेलें असेपर्यंत ढोल पायपेटीसारखा ओरडत राहतो. संगणकावरील पुष्कळसे ढोल बिघडतात ते याच एका कारणानें.

दुसरें वाद्य कोकणा समाजाची पावरी. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि शिंग यांचें हें वाद्य फुंकून वाजवितात. वाजविणारा गालांत हवा राखून नाकानें श्वास घेतो, त्यामुळें स्वर तुटत नाहीं. तिचा चढ ढोलापेक्षां सावकाश, कारण जिभल्या कंप पावूं लागण्यास क्षणभर वेळ लागतो. चाळीस-पन्नास मिलिसेकंदांपासून आरंभ करून कानानें ठरवावा. उतार जवळजवळ नाहींच, टिकाव पूर्ण, आणि लोप अगदीं थोडा, कारण हवा थांबली कीं स्वरही थांबतो. मूळ लहर तीच ठेवून या चार कळा मात्र बदलल्या, तरी कानापुढें एक वाद्य जाऊन दुसऱ्याची चाहूल लागते.

एन्व्हलप म्हणजे स्वराचा देह. मॉड्युलेशन म्हणजे त्या देहांतील हालचाल. या शब्दाचा परिचय नभोवाणीच्या श्रोत्यांस एका अर्थीं पूर्वींपासून आहे. मध्यम लहरींवरील केंद्राहून जी वाहक लहर निघते ती दर सेकंदास लाखों आंदोलनें करते आणि कोणासही ऐकूं येत नाहीं. वक्त्याच्या आवाजाप्रमाणें तिचा जोर कमी-अधिक केला जातो; हेंच मॉड्युलेशन. त्या लहरीचीं शिखरें जोडणारी रेषा काढली तर ती वक्त्याच्या आवाजाचीच आकृति असते, आणि रेडिओच्या शास्त्रांतही तिला एन्व्हलप असेंच म्हणतात. घरांतील रेडिओ तेवढी रेषा वेंचून घेतो आणि कर्ण्यास देतो. यावरून दोन्ही कल्पनांचें नातें स्पष्ट होतें. एका हालचालीनें दुसऱ्या गोष्टीस वळण देणें म्हणजे मॉड्युलेशन. आणि एन्व्हलप हीही अशीच एक हालचाल आहे, फक्त ती प्रत्येक स्वराबरोबर एकदांच घडते.

जी हालचाल पुन्हां पुन्हां घडते तिच्यासाठीं यंत्रांत एक मंद आंदोलक असतो. त्यास एलएफओ म्हणतात. तो कानास ऐकूं येत नाहीं. सेकंदास पांच-सहा वेळां हेलकावे घेत तो दुसऱ्या कोणास तरी हलवितो. स्वराच्या उंचीस हलविलें तर स्वर कंपित होतो. जोरास हलविलें तर थरथर उत्पन्न होते. फिल्टरला, म्हणजे उंच उपस्वर गाळणाऱ्या चाळणीला हलविलें, तर ध्वनि उघडत-मिटत असल्यासारखा भासतो. म्हणून मॉड्युलेशनची कोणतीही कळ दिसली कीं तीन प्रश्न विचारावेत: हलविणारा कोण, हलणारें काय, आणि किती? पडद्यावरील मोठमोठीं कोष्टकें पाहून भिण्याचें कारण नाहीं. त्यांत या तीन प्रश्नांच्या उत्तरांखेरीज कांहीं नसतें.

याच एलएफओचा वेग वाढवीत नेला तर एक चमत्कार घडतो. सेकंदास वीस आंदोलनांच्या पुढें कंप निराळा ऐकूं येत नाहीं. त्याचे जागीं नवे उपस्वर उत्पन्न होतात. ४०० आंदोलनांच्या स्वराची उंची दुसऱ्या स्वरानें सेकंदास १०० वेळां हलविली, तर ३०० आणि ५००, २०० आणि ६०० असे स्वर दोन्ही बाजूंस उभे राहतात. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चाउनिंग यास १९६७ सालीं हें आढळलें, १९७३ सालीं त्यानें तें प्रसिद्ध केलें, आणि १९८३ सालीं यामाहा कंपनीचें ‘डीएक्स ७’ हें वाद्य याच तत्त्वावर बाजारांत आलें.

या यंत्रांचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. संगणकानें ध्वनि निर्माण करण्याचा कार्यक्रम बेल प्रयोगशाळेंत मॅक्स मॅथ्यूज यानें १९५७ सालीं लिहिला. १९६४ सालीं रॉबर्ट मूग यानें असें यंत्र सिद्ध केलें कीं ज्यांत स्वराची उंची, जोर आणि चाळणी हीं तिन्ही विजेच्या दाबानें चालत. त्यामुळें कोणताही भाग कोणत्याही भागास हलवूं लागला. चार टप्प्यांच्या एन्व्हलपची मागणी त्याजकडे १९६५ सालीं व्लादिमीर उसाचेव्हस्की या संगीतकारानें केली. भारतांत अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत १९६९ सालीं मूगचें यंत्र बसविलें गेलें, आणि मुंबईंत चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं सिंथेसायझरांवर दहा राग वाजवून ध्वनिमुद्रित केले. त्या काळीं असें यंत्र विकत घेणें थोड्यांच्याच आवाक्यांतलें होतें. आज ‘सर्ज’सारखीं सॉफ्टवेअर वाद्यें विनामूल्य मिळतात, तळोदा किंवा धडगांव येथील विद्यार्थ्यास तीं तितकींच सुलभ आहेत जितकीं पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यास.

मग काठीचा ढोल संगणकावर घडवावयाचा कसा? मूळ लहर खर्जांतली घ्यावी. जोराचा एन्व्हलप वर सांगितल्याप्रमाणें ठेवावा. त्यानंतर दुसरा एक एन्व्हलप घेऊन तो स्वराच्या उंचीस जोडावा. जोराचा ठोका पडतो तेव्हां कातडें क्षणभर अधिक ताणलें जातें आणि स्वर किंचित् चढून लगेच खालीं येतो. सेकंदाच्या विसाव्या भागांत होणारी ही घसरण नसेल तर ठोका ठोका वाटत नाहीं. तिसरा एन्व्हलप चाळणीस जोडावा, कारण ढोलांत उंच उपस्वर आधीं मरतात आणि खर्ज मागें राहतो. आघाताच्या क्षणापुरता थोडा खरखरीत ध्वनि मिसळावा. तो काठीचा कडाका. ढोलाचें बरेंचसें रूप यांत येतें.

तरीही अशा ढोलाचे शंभर ठोके एकापुढें एक मांडले तर तो लवकरच निर्जीव वाटूं लागतो. त्याचें कारण असें कीं यंत्राचा प्रत्येक ठोका मागल्या ठोक्याची हुबेहूब नक्कल असतो. ढोल्याचा एकही ठोका तसा नसतो. काठी कधीं मध्यावर पडते, कधीं कडेस, हात थकतो, नाचणारांचा फेर जलद झाला कीं आघात आखूड होतात, पहाटेच्या दंवानें कातडें सैल पडतें आणि स्वर उतरतो. दरबारींतील आंदोलित गंधारही असाच. गवयाचा प्रत्येक हेलकावा निराळा, एलएफओचा मात्र घड्याळासारखा. यावर उपाय मॉड्युलेशनमध्येंच आहे. बोटाचा जोर जसा असेल तशी चाळणी उघडावी आणि उंचीची घसरण वाढावी. प्रत्येक ठोक्यास उतार व उंची यांत यदृच्छेनें किंचित् फरक पडूं द्यावा. मात्र तो फरक किती, आणि कोठें, याचें उत्तर कोणत्याही कळेवर लिहिलेलें नाहीं. तें ढोलापाशीं उभें राहूनच शोधावें लागतें.

या विषयाचें खरें महत्त्व याच ठिकाणीं आहे. बाजारांतून येणाऱ्या तयार नमुन्यांत ‘आदिवासी ढोल’ या नांवाखालीं जो ध्वनि असतो, तो काठीचा आहे कीं आणखी कोठला, हें ऐकणाऱ्यास ठाऊक नसतें. तो सर्वत्र सारखाच वाजतो. एकाच लग्नांत तो कर्ण्यांवरून इतका मोठा वाजतो कीं शेजारचा खरा ढोल ऐकूं येत नाहीं. आणि अशीं लग्नें होत राहिलीं तर पुढल्या पिढीचा कान त्या नमुन्यासच मूळ मानूं लागेल. पावरीचा स्वर तर अशा यादींत सहसा सांपडतही नाहीं. यंत्रास दोष देऊन ही हानि टळणार नाहीं. यंत्र शिकणाऱ्यानेंच ती टाळावयाची आहे. ज्याला चढ, उतार, टिकाव आणि लोप यांची भाषा कळली, तो आपल्या आजोबांचा ढोल ऐकतांना प्रथमच विचारतो कीं हा घुमारा किती वेळ टिकतो, स्वर कोठून कोठें घसरतो, डाव्या हाताचा ठोका उजव्याहून निराळा कां. असे प्रश्न पडूं लागले कीं तो तयार यादी बंद करतो आणि ढोल्याच्या शेजारीं जाऊन बसतो. संगणकाच्या कळांनीं एवढें साधलें तरी त्या शिकण्याचें सार्थक झालें.