दोन दुभाजक सारखे निघाले तर?

शिरोबिंदूवर कंपासचं टोक ठेवून कंस काढायचा, तो जिथे भुजांना छेदेल तिथून आणखी दोन कंस, ते जिथे भेटतील तिथून शिरोबिंदूपर्यंत रेघ. झाला कोनदुभाजक! सुमारे 2300 वर्षांपूर्वी युक्लिडनं लिहून ठेवलेली रीतही जवळजवळ हीच. दुभाजकावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही भुजांपासून समदूर, म्हणूनच त्रिकोणाचे तिन्ही दुभाजक एकाच बिंदूत मिळतात आणि तो अंतर्वर्तुळाचा मध्य ठरतो. इथवर सगळं सरळ आहे.

समद्विभुज त्रिकोणात पायाजवळच्या दोन कोनांचे दुभाजक सारख्या लांबीचे असतात. कागद मधोमध दुमडा, एक दुसऱ्यावर बसेल. आता प्रश्न उलटा करा: दोन दुभाजकांची लांबी सारखी असेल, तर त्रिकोण समद्विभुज असलाच पाहिजे का?

1840 मध्ये बर्लिनच्या लेमुस यांनी फ्रेंच गणिती स्टुर्म यांना पत्र लिहून याची निव्वळ भौमितिक सिद्धता मागितली. स्टुर्म यांनी प्रश्न इतरांपुढे ठेवला आणि याकोब श्टाइनर यांनी तो सोडवला. पुढे सिद्धतांची रीघच लागली.

शिरोलंब सारखे असते तर काम एका ओळीचं होतं: क्षेत्रफळ तेच, उंची तीच, म्हणून पायाही तोच. मध्यगा एकमेकींना 2:1 या प्रमाणात छेदतात, तिथंही धागा लगेच सापडतो. दुभाजकाची लांबी मात्र अशी हाती लागत नाही. मग आडवळणानं जावं लागतं: मोठ्या कोनाचा दुभाजक आखूड असतो हे आधी दाखवायचं; म्हणजे लांबी सारखी असताना कोन असमान असूच शकत नाहीत. अशा अप्रत्यक्ष सिद्धतेला काही जण नाक मुरडतात. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही.

खरी गंमत बाह्यकोनांच्या दुभाजकांत आहे. अ, ब, क हे कोन अनुक्रमे 12, 132 आणि 36 अंशांचे घ्या. अ जवळचा बाह्यकोन 168 अंशांचा, त्याचा अर्धा 84. हा दुभाजक कब रेषेला ब च्या पलीकडे प मध्ये भेटतो. त्रिकोण अबप मध्ये ब जवळ 48 अंश, म्हणून प जवळही 48; म्हणजे अप = अब. ब जवळचा बाह्यकोन 48 अंशांचा, अर्धा 24. तो दुभाजक अक रेषेला क च्या पलीकडे फ मध्ये मिळतो. त्रिकोण अबफ मध्ये ब जवळ 156 आणि अ जवळ 12, म्हणून फ जवळही 12; म्हणजे बफ = अब. दोन्ही बाह्यदुभाजक सारखे, पण त्रिकोणाच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या!

तेव्हा कुणी नवी सिद्धता पुढे केली, तर दुभाजक त्रिकोणाच्या आतले आहेत ही गोष्ट तिनं नेमकी कुठं वापरली ते आधी शोधावं. कुठंच वापरली नसेल, तर तीच सिद्धता या त्रिकोणालाही समद्विभुज ठरवेल.